दिवसभर देवाचंच काम, तरी देवाशी बोलणं होत नाही

"ताई, सकाळपासून रात्रीपर्यंत देवाचंच काम चाललेलं असतं. पण त्याच्याशी मनापासून शेवटचं कधी बोलले ते आठवत नाही. मी ढोंगी आहे का हो?"

मिशनरी प्रशिक्षण घेणारी मुलं-मुली, सेमिनरीतले म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेतले विद्यार्थी, सिस्टर म्हणजे जोगीण होण्याच्या वाटेवरच्या मुली, बऱ्याच जणांकडून हा प्रश्न मी ऐकला आहे. शब्द बदलतात, घाबरलेपण तेच असतं. त्यातल्या एकीची हकिकत तिच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

मुलगी पंचविशीतली, इंदूरच्याच मराठी ख्रिस्ती घरातली. कॅनडातल्या प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळींनी १८७७ साली इंदुरात काम सुरू केलं, १८८७ मध्ये इथलं ख्रिश्चन कॉलेज काढलं. त्या सुमाराला तिचे पूर्वज नगरकडून इकडे आले आणि इथलेच झाले. त्यामुळे घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि आता प्रशिक्षणातली पुस्तकं इंग्रजी. सामूहिक प्रार्थना हिंदीत. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे ते कामाला आलं.

पहिल्या भेटीत तिने वेळापत्रकाचा कागद माझ्यापुढे ठेवला. साडेपाचला घंटा, सहाला उपासना, मग वर्ग, दुपारी स्वयंपाकघराची नाहीतर झाडलोटीची पाळी, संध्याकाळी वस्तीतल्या मुलांचे वर्ग, रात्री अभ्यास, दहाला दिवे बंद. दिवे बंद झाल्यावर मोबाइलच्या उजेडात असाइनमेंट, ती कागदावर नव्हती. रविवारी दोन उपासना आणि संडे स्कूल, म्हणजे मुलांचा बायबल-वर्ग. मी विचारलं, "यात तुझं स्वतःचं काय आहे?" तिने 'वैयक्तिक मनन, ५.४५ ते ६.००' या ओळीवर बोट ठेवलं आणि हसली. "तेव्हा मी बाथरूमच्या रांगेत असते."

विश्वासाबद्दल मी त्या दिवशी काहीच बोलले नाही. झोप किती होते, जेवण जातं का, पाळी नियमित आहे का, रडू येतं का, जगणं नको वाटतं का, एवढंच विचारलं. असे प्रश्न आधी विचारले की काही जणांना ते अश्रद्धेचे वाटतात. मला ते बायबलला धरून वाटतात. त्यातल्या '१ राजे' या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडुपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई देतो, झोपू देतो, मग उठवून पुन्हा खाऊ घालतो. देवाशी बोलणं होतं ते नंतर, होरेब डोंगराला पोचल्यावर. ही मुलगी रोज जेमतेम पाच तास झोपत होती.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत खिन्न असेल, आवडत्या गोष्टीतही रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर 'विश्वास कमी पडतोय' म्हणत बसू नये, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजतही बसू नये. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी क्रमांक १४४१६ आहे, तिथे फोन करायला पैसे लागत नाहीत. हिच्या बाबतीत तशी वेळ नव्हती. थकवा होता, आणि थकव्याच्या आड शरम होती.

शरमेचं मूळ दुसऱ्या भेटीत सापडलं. ज्या मंडळींच्या देणगीवर तिचं शिक्षण चालतं, त्यांना दर महिन्याला प्रार्थनापत्र पाठवावं लागतं. तिने मोबाइलवर शेवटचं पत्र दाखवलं. 'प्रभूच्या सान्निध्यात दिवस आनंदात जात आहेत.' त्याच्या आधीच्या पत्रातही हेच वाक्य, शब्दन्‌शब्द. "कॉपी-पेस्ट केलं ताई," ती म्हणाली आणि तिथे पहिल्यांदा रडली. मनन चुकल्याचं दुःख तिने कसंबसं सोसलं असतं. न जगलेला आनंद दर महिन्याला सही करून पाठवणं तिला आतून पोखरत होतं. माझं स्पष्ट मत आहे की प्रशिक्षणार्थींकडून दरमहा उत्साहाचा अहवाल मागणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा. उपासनेला हजेरी लागते, झोपेला लागत नाही, आणि सगळ्यांना वाटतं मुलं छान चालली आहेत.

दुसरी अडचण या शिक्षणाच्या पोटातच आहे. बायबल हे तिच्यासाठी अभ्यासाचं पुस्तक झालं होतं. उतारा वाचला की डोक्यात लगेच तीन मुद्दे, एक उदाहरण, मुलांसाठी एक कृती. हलवायाला जिलेबी खावीशी वाटत नाही, तशी गत. यात पाप काही नाही, पण उपाय करावा लागतो. मी म्हटलं, जे तुला कधीच कुणाला शिकवायचं नाही असं काहीतरी वाच. तिने बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र निवडलं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. "हे कुणी संडे स्कूलमध्ये घेत नाही," ती म्हणाली. म्हटलं, म्हणूनच घे. आणि मराठीत वाच, आजीच्या बायबलमधून.

मराठीचा मुद्दा तिला आधी पटला नाही. पण हिंदीत प्रार्थना करताना ती इतरांसमोर उभी असायची आणि इंग्रजीत परीक्षेसमोर. आजीजवळ बसून टिळकांची गाणी म्हटलेली भाषा तेवढी कुठल्याच कामाला जुंपलेली नव्हती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत आणली, म्हणून आमच्या आज्यांना ती कामं करता करता गुणगुणता आली. ही मुलगी भाजी चिरताना तीच गाणी म्हणू लागली. घड्याळातून वेगळा वेळ काढावा लागला नाही.

"पण इतकं थोडं पुरतं का?" हा प्रश्न आलाच. तिला मी जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याचं सांगितलं. ती प्रॉटेस्टंट, उदाहरण कॅथलिक, पण चालतं. जेझुइट संघाचे नियम लिहिताना त्याने शिकणाऱ्या तरुणांच्या प्रार्थनेचा वेळ मुद्दाम मर्यादित ठेवला, कारण अभ्यासाला माणूस पूर्ण लागतो. पण दिवसातून दोनदा आपल्या मनाची तपासणी मात्र त्यातच धरली. लांबी कमी चालेल, खरेपणा सुटू नये, असा मी त्याचा अर्थ घेते. ती आता रात्री पाठ टेकण्याआधी दोनच गोष्टी आठवते: आज कुठे हायसं वाटलं, कुठे खोटं बोलले.

मार्कच्या शुभवर्तमानातल्या ६व्या अध्यायावरही आमचं बरंच बोलणं झालं. शिष्यांना जेवायलाही सवड नाही, म्हणून येशू त्यांना एकांतात विसाव्याला घेऊन निघतो. हा भाग प्रवचनांत नेहमी येतो. पुढचं कमी सांगितलं जातं: लोक धावत त्यांच्या आधी तिथे पोचतात, विसावा बुडतो, पाच हजारांच्या जेवणाचं काम अंगावर पडतं. ते उरकल्यावर येशू शिष्यांना नावेतून पुढे पाठवतो, लोकांना निरोप देतो आणि एकटा डोंगरावर प्रार्थनेला जातो. ठरलेली वेळ हुकली म्हणून सगळंच सोडलं नाही, आणि लोकांना हाकलूनही लावलं नाही. पावणेसहाच्या रांगेत अडकणाऱ्या मुलीला याचा मोठा धीर आला.

मग प्रशिक्षणाच्या प्रमुखांशी बोलायचं ठरलं. ती फार घाबरली होती, म्हणून काय बोलायचं ते आधी माझ्यासमोर म्हणून पाहिलं. 'मला जमत नाही' असं न म्हणता 'मी पाच तास झोपते, मला सात हवेत' असं आकड्यांत मांडायचं ठरवलं. रविवारची दुपार मोकळी मागितली, ती मिळाली नाही. सोमवारची स्वयंपाकघराची पाळी निघाली. असाइनमेंटच्या तारखा थोड्या सैल झाल्या.

प्रार्थनापत्र मात्र तिने कुणालाही न विचारता बदललं. 'या महिन्यात थकले आहे, प्रार्थना जड जाते, माझ्यासाठी प्रार्थना करा' असं सरळ लिहिलं. देणगी बंद होईल अशी तिला धास्ती होती. बंद झाली नाही. दोघांनी उत्तरं पाठवली. एका आजोबांनी लिहिलं की त्यांनाही बरीच वर्षं असंच होतं आहे आणि हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता ती मला विचारते आहे की त्यांना काय उत्तर लिहू.