तीन मॉनिटर मांडायचे, तर ग्राफिक्स कार्ड बदलायचं का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सांगलीत डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी असेंबल केलेला पीसी आहे : रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर ६ जीबी, ४५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि ६०० व्हीएचा यूपीएस. मॉनिटर एकच, २४ इंची, फुल एचडी, ७५ हर्ट्झ. लालपरीचा मॉड (गेममध्ये बाहेरून टाकलेली भर) टाकून युरो ट्रक सिम्युलेटर २ खेळतो आणि मॉड न टाकता असेटो कोर्सा हा शर्यतीचा गेम. स्टिअरिंग व्हील आहे. आतेभावाचं ऑफिस बंद होतंय, तिथले दोन २४ इंची मॉनिटर तो मला स्वस्तात देतोय. पण दुकानदार म्हणतो, ‘तीन मॉनिटरला हे कार्ड चालणारच नाही, जळेल. आधी नवीन कार्ड घे.’ फ्लेक्सच्या दुकानात डिझाईनचं काम करून चाळीस हजार साठवलेत. ते कार्डात घालू का?

उत्तर : आधी जळण्याची भीती मनातून काढून टाक. मॉनिटर वाढले म्हणून कार्ड जळत नाही. तुझं कार्ड १२५ वॅटचं आहे, तीन स्क्रीन लावल्या तरी ते १२५ वॅटचंच राहतं. तेवढ्याच ताकदीत त्याला जास्त रंगवायचं असतं, म्हणून फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला रंगवलेली चित्रं, कमी निघतात, बस. उरलेल्या फ्रेम तुला पुरतील का, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर एक रुपयाही खर्च न करता, आज रात्री, तुझ्या आहे त्या एका मॉनिटरवर मिळतं. दुकानदारानं तुला हे सांगायला हवं होतं.

एका फुल एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. तीन स्क्रीन म्हणजे ६२ लाख २० हजार ८००. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये २०१४ पासून डीएसआर नावाची सोय आहे. गेम मोठ्या रिझोल्यूशनला रंगवायचा आणि मग छोट्या स्क्रीनवर बसवायचा, हे तिचं काम. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघड, ‘मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज’मध्ये जा, डीएसआर फॅक्टरमध्ये ३.०० एक्सवर टिक कर आणि अप्लाय दे. आता गेमच्या सेटिंगमध्ये ३३२५ गुणिले १८७१ असं एक विचित्र रिझोल्यूशन दिसायला लागेल. गुणाकार करून बघ, ६२ लाख २१ हजारच्या घरात येतो. म्हणजे पिक्सेलपुरतं बोलायचं तर तू तीन मॉनिटरवरच खेळतोयस.

मात्र चाचणी मोकळ्या हायवेवर घेऊ नकोस. युरो ट्रकमध्ये रात्र, पाऊस आणि ट्रॅफिकनं भरलेलं शहर अशा ठिकाणी गाडी घाल. असेटोमध्ये वीस गाड्यांची शर्यत लाव आणि स्वतः सगळ्यात शेवटून निघ. कार्डाचा घाम तिथेच निघतो. एमएसआय आफ्टरबर्नर टाकून स्क्रीनच्या कोपऱ्यात दोन आकडे चालू ठेव : एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, आणि जीपीयू, म्हणजे कार्डावरची मुख्य चिप, किती टक्के चाललाय ते.

त्या दोन आकड्यांत सगळं आहे. जीपीयू ९७–९९ टक्क्यांवर आणि एफपीएस साठच्या खाली, तर कार्ड खरोखर कमी पडतंय. पण जीपीयू साठ-सत्तर टक्क्यांवर रेंगाळतोय आणि तरीही एफपीएस वर जात नाही, तर अडलंय ते प्रोसेसरपाशी. अशा वेळी कितीही भारी कार्ड आणलं तरी फ्रेम तेवढ्याच राहतील आणि चाळीस हजार गेलेले असतील. युरो ट्रकचं इंजिन जुनं आहे, प्रोसेसरच्या एकेका कोरवर फार अवलंबून असतं. त्यात ट्रॅफिकचे मॉड भरले की तुझा ३६०० आधी दमतो. तसं निघालं तर बी४५० बोर्डाचं बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ५ ५६०० किंवा ५७००एक्स बसव. बोर्ड तोच, रॅम तीच, आणि खर्च कार्डापेक्षा पुष्कळ कमी.

चाचणीआधी युरो ट्रकच्या ग्राफिक्स सेटिंगमधलं ‘स्केलिंग’ किती टक्क्यांवर आहे ते बघ. कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून बरेच जण ते ३०० किंवा ४०० वर ठेवतात. ते १०० वर आण, नाहीतर डीएसआर आणि स्केलिंग यांचा गुणाकार होईल आणि कार्ड उगाचच नापास ठरेल. आरशांची क्वालिटीही एक पायरी खाली घे. प्रत्येक आरसा म्हणजे गेमला वेगळं रंगवावं लागणारं आणखी एक दृश्य असतं. तीन स्क्रीन लागल्या की एफ२ दाबून येणारे ते चौकोनी आरसे बंदच करून टाक. डावीकडे मान वळवली की गाडीचा खरा आरसा खिडकीबाहेर दिसतो, आणि बस मागे घेताना तोच कामी येतो. मी स्वतः तीन स्क्रीनवर खेळते ते याच एका गोष्टीसाठी.

डीएसआरची चाचणी थोडी उदार असते, हेही लक्षात ठेव. खऱ्या तीन स्क्रीनवर बाजूची झाडं, घरं, गाड्या जास्त दिसतात, आणि गेम तिन्ही स्क्रीनसाठी वेगवेगळा कोन धरून दृश्य मांडत असेल तर प्रोसेसरवरचं ओझंही वाढतं. म्हणून साठ हवे असतील तर चाचणीत सत्तर-पंचाहत्तर दिसले पाहिजेत. माझा अंदाज विचारशील, तर १६६० सुपरवर मी तीन स्क्रीन बसवून दिलेल्या आहेत. २०१४ चा मूळ असेटो मध्यम सेटिंगवर साठच्या आसपास चालतो. त्यात कस्टम शेडर्स पॅच आणि हवामानाचे जड मॉड टाकले की गडगडतो. २०१९ चा असेटो कोर्सा कॉम्पेतित्सिओने या कार्डावर तीन स्क्रीनला घेऊच नकोस.

आता आतेभावाच्या मॉनिटरांकडे वळू. पैसे देण्याआधी दोन्ही मॉनिटर उलटे करून पाठीमागची पोर्टं बघ. ऑफिसातल्या जुन्या मॉनिटरांना पुष्कळदा निळं व्हीजीए एवढंच असतं. तुझ्या १६६० सुपरवर बहुधा एक एचडीएमआय, एक डिस्प्लेपोर्ट आणि एक डीव्हीआय-डी असेल. त्या डीव्हीआय-डीमधून अ‍ॅनालॉग सिग्नल येतच नाही, त्यामुळे दुकानात मिळणारा साधा व्हीजीए जोड त्यावर चालत नाही. मॉनिटरला एचडीएमआय असेल तर डीव्हीआय ते एचडीएमआय केबल स्वस्त आणि चोख काम करते, पण ६० हर्ट्झपर्यंतच. म्हणून तिन्ही ६० हर्ट्झवर ठेव. एनव्हिडिया सराउंडमध्ये (तिन्ही स्क्रीन मिळून एक मोठी स्क्रीन करणारी सोय) तिन्हींचं रिझोल्यूशन आणि हर्ट्झ एकच लागतं, तेव्हा तुझ्या मॉनिटरचे वरचे पंधरा हर्ट्झ सोडावेच लागतील. तिन्ही केबल कार्डालाच लाव. तुझ्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही, बोर्डावरचं एचडीएमआय पोर्ट बंदच असतं.

नंतर टेबल माप. २४ इंची स्क्रीन साधारण ५३ सेंटीमीटर रुंद असते. डोळ्यांपासून ६० सेंटीमीटरवर ठेवलीस तर एकीत जेमतेम ४८ अंशांचा देखावा मावतो, तीन मिळून १४३ अंश. त्यासाठी बाजूच्या दोन्ही स्क्रीन जवळजवळ ४८ अंश आत वळवाव्या लागतात. इतकं करून मांडणी सव्वाशे सेंटीमीटर रुंद होते, म्हणजे चार फुटी टेबलाच्या बाहेर कडा डोकावतात. मापं घेतलीस की तीच असेटोच्या ट्रिपल स्क्रीन सेटिंगमध्ये भर : स्क्रीनची रुंदी, डोळ्यांपासूनचं अंतर, वळणाचा कोन. युरो ट्रकमध्ये त्यासाठी कॉन्फिग फाईलमधली मल्टिमॉनची ओळ बदलावी लागते. हे न करता खेळलास तर बाजूची घरं रबरासारखी ताणलेली दिसतात, आणि लोकांना वाटतं कार्डच खराब आहे.

यूपीएसकडे मात्र कुणी बघतच नाही. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. कार्डाचे १२५, प्रोसेसरचे ऐंशीच्या आसपास, तीन मॉनिटरचे सत्तर, बोर्ड, पंखे, डिस्क आणि एसएमपीएसमध्ये वाया जाणारं, सगळं धरलं तर तू आत्ताच काठावर येतोस. लाईट गेली की यूपीएस टी-टी करेल आणि पीसी बंद पडेल. बाजूचे दोन मॉनिटर आणि स्टिअरिंग भिंतीतल्या थेट पॉइंटला लाव. लाईट गेल्यावर गेम विस्कटेल, पण पीसी चालू राहील आणि नीट बंद करता येईल. मोठं कार्ड घेतलंस तर यूपीएसही मोठा घ्यावा लागेल. तो खर्च दुकानदारानं धरलेला दिसत नाही.

तेव्हा पोर्टं बघून मॉनिटर घे, कार्ड थांबव. सेटिंग उतरवूनही चाचणीत कार्डच कमी पडलं, तर १६ जीबीचंच घे. तुझा बोर्ड पीसीआयई ३.० चा, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातली डेटाची वाट जुन्या पिढीची. आरटीएक्स ५०६० टीआयसारखी कार्डं आठच लेनवर चालतात, आणि ८ जीबी मेमरी भरून माल रॅममधून ये-जा करायला लागला की ती अरुंद वाट तुझ्या बोर्डावर आणखी जाचते. आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी सोळा लेनचं आणि १६० वॅटचं आहे. तुझा ४५० वॅटचा एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा असेल तर त्याला पेलेल. आरटीएक्स ५०६० टीआयला एनव्हिडिया ६०० वॅट सुचवते. दोन्ही कार्डं ८ जीबीतही येतात आणि नाव तेच असतं, म्हणून डब्यावरचा जीबीचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नकोस. ९०६० एक्सटीच्या बहुतेक कार्डांना तीनच पोर्टं असतात, चौथी स्क्रीन त्यावर लागणार नाही. डीव्हीआय तर या नव्या कार्डांना नाही, म्हणजे केबलीही बदलतील. किमती इथे देत नाही. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव असे भडकलेत की अंक तुझ्या हातात पडेपर्यंत आकडा शिळा झालेला असेल. जुनं कार्ड घेणार असशील तर बिल आणि वॉरंटी शिल्लक असलेलंच घे.

प्रश्न : लातूरहून लिहिते आहे. मुलीच्या पीसीत आय५ १२४००, आरटीएक्स ३०६० १२ जीबी आणि ८ जीबी रॅमची एक पट्टी आहे. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरशेजारी आम्ही जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर जोडून दिला. तेव्हापासून ती म्हणते गेम अडखळतो. दुकानात सांगितलं, दोन मॉनिटरला मोठं कार्ड लागतं. घ्यायचं का?

उत्तर : नका घेऊ. गेम एकाच स्क्रीनवर चालतोय, दुसरीवर व्हिडिओ किंवा चॅट असेल. तेवढ्यानं ३०६० दमत नाही. माझं बोट सरळ तुमच्या रॅमवर जातं. ८ जीबीत विंडोज, गेम आणि ब्राउझरमधला व्हिडिओ एकत्र मावत नाहीत, आणि दुसरा मॉनिटर आल्यावरच तो व्हिडिओ गेमसोबत चालू राहायला लागला असणार. मुलीला सांगा, दुसरा मॉनिटर जोडलेलाच राहू दे, फक्त ब्राउझर पूर्ण बंद करून खेळ. अडखळणं गेलं, तर आहे त्याच जातीची आणखी ८ जीबीची पट्टी टाका. दोन पट्ट्यांमुळे रॅम ड्युअल चॅनलला, म्हणजे दोन्ही पट्ट्यांवर एकदम, चालते, त्याचाही गेमला फायदा होतो.

नाही गेलं, तर दोन गोष्टी तपासा. मॉनिटर जोडताना मुख्य मॉनिटरची केबल चुकून बोर्डाच्या पोर्टला तर लागली नाही ना? १२४०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे, त्यामुळे तिथेही चित्र येतं आणि कुणाला शंका येत नाही. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मुख्य मॉनिटर १४४ वरच आहे ना, की ६० वर घसरलाय? नवा मॉनिटर जोडल्यावर असं होतं.

प्रश्न : म्हापशाहून. माझ्याकडे आरएक्स ६७०० एक्सटी आहे. तीन फुल एचडी मॉनिटर घ्यावेत की एकच ३४ इंची अल्ट्रावाइड? कोणत्याला कार्ड बदलावं लागेल?

उत्तर : कोणत्यालाच नाही. ३४४० गुणिले १४४० चे ४९ लाख ५३ हजार ६०० पिक्सेल होतात, तीन फुल एचडीपेक्षा साधारण एक पंचमांश कमी, आणि तुमचं १२ जीबीचं कार्ड दोन्ही पेलतं. निवड खेळावरून करा. गाड्या आणि विमानं चालवत असाल तर तीन स्क्रीन, कारण ६० सेंटीमीटरवरून अल्ट्रावाइडमध्ये ६७-६८ अंशच दिसतात. बाकी सगळं खेळत असाल, आणि त्याच टेबलावर कामही करत असाल, तर अल्ट्रावाइड : मध्ये मॉनिटरच्या कडांच्या पट्ट्या नाहीत, केबल एक. ती डिस्प्लेपोर्टची वापरा. अशा बऱ्याच मॉनिटरांचं एचडीएमआय १०० हर्ट्झलाच थांबतं.