बाण, टप्पा आणि खेप

रामबागेतल्या एका ताईंनी विचारलंय: "आमच्या मंडळाच्या गणपतीसमोर यंदा उपग्रह सोडून परत येणाऱ्या रॉकेटचा देखावा आहे. फलकावर 'पुनर्वापरयोग्य अग्निबाण' लिहिलं, तर सासरे म्हणाले, हे कचरागाडीचं वाटतंय. 'पुनर्उपयोगी प्रक्षेपक' लिहिलं, तर मुलगा म्हणाला, हे शाळेतल्या हिंदीच्या पुस्तकातलं वाटतं, सरळ 'रियूजेबल रॉकेट' लिहा ना. यातलं बरोबर कुठलं? आणि असं रॉकेट 'परततं' म्हणायचं की 'उतरतं'?"

ताई, सासऱ्यांचा कान तिखट आहे. इंदुरात रोज सकाळी गाणं वाजवत गाडी दारात येते, ओला-सुका वेगळा केला नाही तर गाडीवरचा मुलगा ऐकवतो, आणि 'पुनर्वापर' हा शब्द आपण वर्षानुवर्षं त्याच संदर्भात वाचतो. त्यात वर्तमानपत्रांनी एक घोळ करून ठेवलाय: वस्तू आहे तशी पुन्हा वापरणं आणि वितळवून तिचं दुसरंच काही करणं, दोन्हीला 'पुनर्वापर'च. बाटली धुऊन तिच्यात पुन्हा तेल भरलं तर तो पुनर्वापर. बाटलीचा चुरा करून त्याची खुर्ची केली, तर त्याला दुसरं नाव हवं. तुमच्या देखाव्यातलं रॉकेट पहिल्या जातीचं आहे, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खुर्चीच येते.

व्याकरणाच्या अंगाने मात्र 'पुनर्वापर' निर्दोष आहे. 'पुनर्' संस्कृत आणि 'वापर' मराठी, ही जोडी जमत नाही असं काही जण म्हणतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. 'वापरणे' तरी कुठून आलं? संस्कृतातल्या 'व्यापारयति'वरून, म्हणजे ते 'व्यापारा'च्याच घरातलं. चूक आहे ती तुमच्या दुसऱ्या पर्यायात. 'पुनर्' आणि 'उपयोग' यांचा संधी 'पुनरुपयोग' होतो. 'पुनर्उपयोगी' हे रूप हल्ली सगळीकडे छापलं जातं, पण ते चुकीचं आहे. तसंच 'पुनर्प्रक्षेपण'ही नाही, पुढे 'प' आला की विसर्ग राहतो: पुनःप्रक्षेपण. आणि तो शब्द तर कालची मालिका आज दुपारी पुन्हा दाखवण्यासाठी केव्हाच खर्ची पडलाय!

प्रक्षेपणाचं हेच दुखणं आहे. एका शब्दावर फार ओझी. दूरदर्शनच्या काळापासून 'थेट प्रक्षेपण' रुळलेलं, त्यामुळे श्रीहरिकोट्याहून उड्डाण दाखवतात तेव्हा शुद्ध मराठीत ते 'प्रक्षेपणाचं थेट प्रक्षेपण' होतं. जुन्या पोथीत मागाहून कुणी ओव्या घुसडल्या तर त्या 'प्रक्षिप्त'. भिंतीवर चित्र पाडणारं यंत्रही 'प्रक्षेपक'. इस्रोच्या हिंदीने यातून वेगळी वाट काढलीय, तिथे 'प्रमोचन' म्हणतात. त्यांचं पीएसएलव्ही रॉकेट म्हणजे 'ध्रुवीय उपग्रह प्रमोचक'. तुमच्या मुलाला जो पुस्तकी वास आला तो कदाचित याच घराण्याचा. पण 'प्रमोचन' उलगडून बघा: त्यातला 'मुच्' म्हणजे सोडणे. आणि मराठी माणूस कधीपासून हेच म्हणतोय, उपग्रह सोडला, रॉकेट सोडलं. आपल्याला दोन्ही जड शब्दांची गरज फक्त सरकारी पत्रकात पडते.

आता 'अग्निबाण'. हा शब्द मला आवडतो, आणि तो नुसता पौराणिक नाही. अठराव्या शतकातल्या लढायांत 'बाण' म्हणजे दारू भरून सोडलेला बाण, असाही अर्थ होता. टिपूच्या फौजेतले लोखंडी नळीचे बाण तर इंग्रजांनी इतके मनावर घेतले, की त्यांच्यावरून आपले स्वतःचे बनवले. चेन्नईच्या अग्निकुल कंपनीने मे २०२४ मध्ये श्रीहरिकोट्याहून जे रॉकेट उडवलं, त्याचं नावही 'अग्निबाण'. आमच्या लहानपणी दिवाळीतल्या रॉकेटला घरात 'बाण'च म्हणायचे. रिकाम्या सरबताच्या बाटलीत त्याची काडी उभी करायची, वात पेटवायची आणि गच्चीच्या कठड्यामागे पळायचं. सकाळी जळकी काडी शेजारच्या पत्र्यावर सापडायची. त्या सगळ्या सरंजामात पुन्हा वापरण्याजोगी होती ती एकटी बाटली.

म्हणूनच 'बाण' इथे अडचणीचा आहे. सुटलेला बाण माघारी येत नाही, हे भाषेत इतकं मुरलंय की 'परत येणारा अग्निबाण' वाचताना पाय अडखळतो. अडखळू द्यायचा असेल, देखाव्याचा मथळा म्हणून, तर खुशाल लिहा. स्पष्टीकरणात मात्र 'रॉकेट' ठेवा. तो परका शब्द आता आपल्या घरचा झालाय, नपुंसकलिंगी होऊन बसलाय, त्याचं अनेकवचनही आपण 'रॉकेटं' असं करतो. मुळात तो इटालियन, अर्थ दोरा गुंडाळायची रिळासारखी चाती. आकारावरून पडलेलं नाव. आणि गंमत म्हणजे पुन्हा वापरायचं पहिलं मोठं यान, १९८१ ते २०११ मध्ये १३५ वेळा उडालेलं स्पेस शटल, त्याचं नावही विणकामातलंच. शटल म्हणजे धोटा. महेश्वरला मागावर बसलेल्या बाईंच्या हाताकडे बघा, धोटा डावीकडून उजवीकडे जातो आणि लगेच परत येतो, कारण परत नाही आला तर साडीच होणार नाही. 'अंतराळधोटा' असा शब्द कुणी रूढ केला असता तर मी आनंदाने वापरला असता. आता उशीर झाला.

'परततं की उतरतं' हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात चांगला वाटला, कारण त्याचं उत्तर कोशात नाही, उड्डाणात आहे. आधी एक दुरुस्ती: सबंध रॉकेट परत येत नाही. स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीचं फाल्कन ९ घ्या. उंची सुमारे ७० मीटर. खालचा भाग, नऊ इंजिनांचा, चाळीस मीटरहून उंच, तो पहिला टप्पा. उड्डाणानंतर साधारण अडीच मिनिटांत तो सुटा होतो. वरचा दुसरा टप्पा उपग्रहाला घेऊन पुढे जातो, आणि तो पुन्हा वापरायला मिळत नाही. पहिला टप्पा हवेतच वळतो, काही इंजिनं पुन्हा पेटवून वेग मारतो, जाळीदार पंखांनी दिशा सांभाळतो आणि शेवटच्या काही सेकंदांत चार पाय पसरून उभाच्या उभा टेकतो. उड्डाणापासून टेकेपर्यंत आठ-नऊ मिनिटं. 'टप्पा' हा शब्द इथे इतका चपखल बसलाय की हिंदीतला 'चरण' त्यापुढे फिका वाटतो. डाकेचे घोडे बदलायचे ते टप्प्याटप्प्यावर. एक दमला की ओझं दुसऱ्यावर, आणि पहिला आपल्या ठाण्याकडे माघारी.

माघारी, पण नेहमीच नाही. इंधन पुरेसं उरलं तर टप्पा उडालेल्या जागेजवळच्या तळावर येतो. डिसेंबर २०१५ मध्ये केप कॅनव्हरलला पहिल्यांदा आला तो असाच. त्याला 'परतला' म्हणा. ओझं जड असेल किंवा उपग्रह फार उंच न्यायचा असेल, तर माघारी वळण्याइतकं इंधन उरत नाही. मग तो पुढे समुद्रात, शेकडो किलोमीटरवर उभ्या केलेल्या तराफ्यावर टेकतो. तो 'उतरला'; परतायचा आहे अजून, बोटीने. ऑक्टोबर २०२४ मध्ये टेक्ससला त्याच कंपनीच्या स्टारशिप रॉकेटचा खालचा टप्पा जमिनीला टेकलाच नाही, मनोऱ्याच्या दोन लोखंडी हातांनी त्याला अधांतरी धरलं. त्याला 'झेलला' याखेरीज दुसरा शब्द नाही. इंग्रजी बातमीत 'पकडला' छाप क्रियापद होतं, मराठी भाषांतरांनीही निमूटपणे 'पकडला' लिहिलं. पकडतात चोराला. वरून येणारं झेलतात.

आपल्या इस्रोचं 'पुष्पक' निराळं. ते पंखांचं यान, चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या चल्लकेरेला हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडलं आणि ते विमानासारखं धावपट्टीवर आपोआप उतरलं. २०२३ मध्ये एकदा, २०२४ मध्ये दोनदा. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी. कुबेराचं पुष्पक रावणाने बळकावलं, त्यातून राम अयोध्येला आला आणि मग ते कुबेराकडे परत धाडलं. पुन्हा वापरण्याजोगं, कागदपत्रांसकट.

एव्हाना मी दोनतीनदा 'वापरण्याजोगं' लिहून गेलो, ते मुद्दाम. 'जोगा' हा 'योग्य'चाच मराठी अवतार: सांगण्याजोगं, बघण्याजोगं, नाव घेण्याजोगं. 'पुनर्वापरयोग्य' सात अक्षरांत बसतं हे खरं, पण ते वाचलं जातं. 'पुन्हा वापरण्याजोगं' ऐकलं जातं. देखाव्यासमोर आजीच्या कडेवर बसलेलं पोरही असतं.

पण 'जोगं' म्हणजे नुसती लायकी झाली. प्रत्यक्ष किती वेळा वापरलं, ते कसं सांगायचं? इथे मला इंदूरच्या सियागंज बाजारात उत्तर मिळालं. मागच्या महिन्यात जुनी पुस्तकांची कपाटं हलवायची होती. लोडिंग रिक्षावाल्याने कपाटांवर नजर टाकली, मान हलवली: "बाबूजी, तीन खेप लगेगी." खेप! एकाच गाडीने ओझं घेऊन जायचं, टाकायचं, रिकामं यायचं, पुन्हा भरायचं. फाल्कनचा पहिला टप्पा याहून वेगळं काय करतो? मार्च २०१७ मध्ये एकाने पहिल्यांदा दुसरी खेप केली. आज काहींच्या ३० हून जास्त खेपा झाल्या आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रोचा ४,७०० किलोंचा जीसॅट-२० उपग्रह आपल्या रॉकेटला जड होता म्हणून फाल्कनवरून गेला, तोही आधी बऱ्याच खेपा मारून आलेल्या टप्प्यावरून. आणि व्युत्पत्ती बघाल तर 'खेप' आली 'क्षेप'वरून, 'प्रक्षेपणा'तला तोच. विद्यापीठात राहिलेला भाऊ प्रक्षेपण झाला, बाजारात आलेला खेप झाला.

एक सावधगिरी. हिंदीत, आणि हल्ली मराठी बातम्यांतही, 'खेप' म्हणजे पाठवलेला माल: औषधांची खेप आली. त्यामुळे 'विसावी खेप रवाना' लिहिलंत तर उपग्रहांचा विसावा गठ्ठा गेला असं कुणी समजेल. कोणाची खेप ते लिहायचं: 'या टप्प्याची विसावी खेप'. उलट, एकदाच उडून समुद्रात पडणाऱ्याला 'एकखेपी' म्हणायला माझी हरकत नाही, मात्र तो माझा घरगुती शब्द आहे, कोशात शोधू नका.

तेव्हा फलकावर असं लिहा: "उपग्रह वर पाठवून रॉकेटचा पहिला टप्पा परत येतो आणि उभा उतरतो. दुरुस्ती-तपासणी झाली की पुढच्या खेपेला तयार." वर मोठ्या अक्षरांत 'पुन्हा वापरण्याजोगं रॉकेट'. तुमच्या देखाव्यात खाली निळं पाणी आणि तराफा दाखवला असेल, तर 'परत येतो आणि' एवढे शब्द काढून टाका.