मोरचूद फवारूनही वाइन सेंद्रिय कशी?

प्रश्न : माझा मुलगा शिक्षणासाठी फ्रान्समध्ये असतो. बोर्दो भागातील एका कुटुंबाच्या मळ्यावर तो द्राक्षतोडणीला गेला होता आणि येताना तिथल्या रेड वाइनच्या दोन बाटल्या घेऊन आला. बाटलीवर हिरव्या पानाचे चिन्ह आणि ‘एबी’ ही अक्षरे आहेत, म्हणून ती सेंद्रिय आहे असे तो म्हणतो. पण त्या मळ्यात मोरचूद-चुना फवारतात हेही तोच सांगतो, आणि बाटलीच्या मागे ‘सल्फाइटयुक्त’ असे छापले आहे. तीस वर्षे बाग करणाऱ्या माझ्यासारख्याला हे सेंद्रिय कसे पटावे? ही फसवणूक तर नव्हे?
(एक बागायतदार, पिंपळगाव बसवंत)

उत्तर : फसवणूक नाही. सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असा आपल्याकडे समज आहे आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. सेंद्रिय बागेत कृत्रिम कीडनाशके, तणनाशके आणि रासायनिक खते चालत नाहीत. तांबे आणि गंधक ही खनिजे मात्र मर्यादेत चालतात.

गंमत अशी की मोरचूद-चुन्याच्या ज्या बोर्डो मिश्रणावर आपण शंका घेत आहात, त्याचे नावच बोर्दो या गावावरून पडले आहे. १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून आलेल्या केवडा (डाउनी मिल्ड्यू) या बुरशीजन्य रोगाने फ्रान्सच्या बागा झोपवल्या होत्या. १८८२ मध्ये बोर्दो विद्यापीठातील प्राध्यापक मिलार्दे यांना मेदोक भागात असे दिसले की बाकीच्या वेलींची पाने गळाली असताना रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्या आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून त्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडलेला होता. त्यावर प्रयोग करून १८८५ मध्ये त्यांनी हे मिश्रण जाहीर केले.

तांबे जमिनीत साठत जाते आणि गांडुळांना मारक ठरते, म्हणून युरोपीय संघाने २०१९ पासून हेक्टरी सात वर्षांत २८ किलो, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो तांबे, अशी मर्यादा घातली आहे. आपल्या हिशेबात हे एकरी साधारण १.६ किलो होते. मोरचुदात तांबे चौथा हिस्सा असते, म्हणजे वर्षाला सुमारे साडेसहा किलो मोरचूद. एक टक्क्याचे बोर्डो एकरी ३०० लिटर फवारले, तर हा सगळा कोटा दोन फवारण्यांत संपतो. त्यामुळे तिथला सेंद्रिय बागायतदार फार हलके द्रावण वापरतो आणि उरलेली लढाई विरळणी, मोकळी हवा आणि हवामानाचा अंदाज यांच्या जोरावर लढतो.

वाइन टिकावी म्हणून घालतात त्या गंधकयुक्त सल्फाइटचेही तसेच आहे. किण्वनाच्या वेळी यीस्ट स्वतःच थोडे सल्फाइट तयार करते, आणि लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर युरोपात ते लेबलवर लिहावेच लागते. साध्या कोरड्या रेड वाइनला १५० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, तर सेंद्रिय वाइनला १०० पर्यंतच. २०१२ पूर्वी तर ‘सेंद्रिय वाइन’ हा शब्दच युरोपात लेबलवर चालत नव्हता. ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली वाइन’ एवढेच लिहिता येत असे, कारण नियम बागेपुरते होते, तळघरापर्यंत पोहोचलेच नव्हते.

प्रश्न : फ्रेंच बाटली खरोखर एखाद्या कुटुंबाच्या मळ्यातली आहे की मोठ्या व्यापाऱ्याची, हे कसे ओळखावे? ‘शातो’ लिहिलेले पुरेसे आहे का?
(एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : नाही. शातो म्हणजे वाडा असला तरी कित्येक शातोंमध्ये वाडा सोडाच, साधे कौलारू घर आणि पिंपांची शेड एवढेच असते. ‘मिझाँ बुतेय ओ शातो’ म्हणजे ‘मळ्यावरच बाटलीबंद’ ही ओळ पाहावी. झाकणावर पिंप वाहून नेणाऱ्या माणसाचे चिन्ह असेल, तर ते स्वतः द्राक्षे पिकवून स्वतः वाइन करणाऱ्या स्वतंत्र उत्पादकांच्या संघटनेचे असते. सेंद्रियतेशी त्याचा संबंध नाही. कंपनीचे नाव पाहून मात्र लगेच शंका घेऊ नये. तिथेही वारसाहक्क सगळ्या मुलांना असतो, आणि आपल्या सातबाऱ्यासारखे तुकडे पडू नयेत म्हणून अनेक कुटुंबे मळा एखाद्या गटाच्या नावावर ठेवून वारसांना हिस्से देतात.

प्रश्न : आमच्या दोन एकरांवर कॅबर्ने सोव्हिन्यों ही वाइनद्राक्षांची जात आहे आणि सध्या माल वायनरीला जातो. दोघे भाऊ मिळून फ्रेंच पद्धतीची सेंद्रिय रेड वाइन स्वतःच करावी असे ठरवत आहोत. जमेल का?
(दोन भाऊ, निफाड तालुका)

उत्तर : जमेल, पण फ्रेंच वेळापत्रक विसरून. तिथे वेल थंडीत झोपते, एकदाच छाटणी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळांसाठीची गोडी छाटणी आणि मधला सगळा पावसाळा वेल अंगावर पाने घेऊन उभी असते. खरी परीक्षा गोडी छाटणीनंतर परतीचा पाऊस आला की होते. पोंगा (नवा कोंब) सुटून दोन-तीन पाने उघडलेली असतात, वरून केवड्याचा तेलकट पिवळा डाग दिसतो, पान उलटावे तर मागे पांढरी लव. अशा सकाळी ज्याच्याकडे आंतरप्रवाही (वेलीच्या आत मुरणारे) औषध नसते, त्याच्यापाशी हलके बोर्डो आणि धीर एवढेच उरते, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

दुसरी अडचण पेस्टची. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून आपण हायड्रोजन सायनामाइड लावतो. सेंद्रिय बागेत ते चालणार नाही. फूट मागेपुढे होईल, घड एकाच दिवशी पिकणार नाहीत आणि तोडणी दोन-तीन वेळा करावी लागेल. इथे घरची माणसे असण्याचा फायदा आहे. मण्याच्या फुगवणीसाठीचे जीए (जिबरेलिक आम्ल) मात्र लागतच नाही, कारण लाल वाइनला लहान मणीच हवा: रंग आणि तुरटपणा देणारे टॅनिन सालीत असतात, आणि लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त.

तिसरी गोष्ट तळघरातली, आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. मार्चच्या उन्हात साखर चढते तशी आम्लता पडते आणि पीएच वर जातो. पीएच ३.४ च्या जागी ३.८ झाला, तर तेवढ्याच संरक्षणासाठी सुमारे अडीचपट मुक्त सल्फाइट लागते. म्हणून कमी सल्फाइटची वाइन करायची असेल, तर तोडणी लवकर, पहाटे करावी आणि साखरेबरोबर पीएचही रोज मोजावा. नुसत्या ब्रिक्सवर, म्हणजे साखरेच्या मापावर, विसंबून राहू नये.

प्रमाणपत्राआधी तीन वर्षे रूपांतराची जातात, आणि त्या काळात सेंद्रियचा भाव मिळत नाही. पहिल्या वर्षी अर्धा एकरच घ्यावा. उरलेला माल वायनरीला जात राहू द्यावा. विक्री दूरच, उत्पादनालाही राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, तो आधी. आणि लेबलवर बोर्दो लिहिता येणार नाही, ते नाव त्या प्रदेशाचे आहे. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला स्वतःचे भौगोलिक मानांकन आहे, ते असताना उसने नाव कशाला?

प्रश्न : आमच्या घरी अंडे चालत नाही. रेड वाइनमध्ये अंडे असते असे ऐकले, ते खरे का?
(एक वाचक, पंचवटी)

उत्तर : कधी कधी वापरलेले असते. बोर्दोत २२५ लिटरच्या पिंपातील वाइन निवळण्यासाठी चार-सहा अंड्यांचा पांढरा भाग फेटून घालण्याची जुनी रीत आहे. तो जास्तीचे टॅनिन घेऊन तळाशी बसतो आणि वरची वाइन काढून घेतात. सेंद्रिय नियमांतही हे चालते. अंश उरला असेल तर युरोपात लेबलवर लिहावे लागते, पण वापरले आणि उरले नाही, तर लिहिण्याचे बंधन नाही. त्यामुळे बाटलीवर ‘व्हेगन’ शब्द आहे का ते पाहावे आणि नसेल तर उत्पादकालाच विचारावे. घरचा मळा असेल, तर अंडी फोडणारे हातच उत्तर देतील.