पाच वर्षांच्या मुलीला श्रवणयंत्र आहे, वर्गात मुलं हसतात. कोणती मराठी पुस्तकं द्यावीत?

हसतात वर्गातली मुलं आणि 'मी आहे तशी छान' छापाचं पुस्तक वाचायचं मात्र तिने? तिच्यासाठी घेऊ नका, वर्गासाठी घ्या.

शेवटी मूल बरं होतं, किंवा बुडणाऱ्या मित्राला वाचवतं आणि मग सगळे त्याला खेळायला घेतात, असं पुस्तक दिसलं की खाली ठेवा. पराक्रम केल्याशिवाय खेळायला घ्यायचं नसतं, एवढंच मुलं त्यातून उचलतात. मग चित्रं बघा. कानामागच्या यंत्रातून निघालेली नळी कानातल्या मोल्डपर्यंत, म्हणजे कानाच्या मापाने बनवलेल्या बोळ्यापर्यंत, गेलेली दिसली पाहिजे. डोक्याला चिकटलेली गोल चकती असेल तर ते कॉक्लिअर इम्प्लांट, ऑपरेशन करून बसवतात ते वेगळं यंत्र. दोन्हींची खिचडी केलेली असेल तर तुमची मुलगी ती पहिल्या पानावर पकडेल.

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत जूनमध्ये जाऊ नका, पाठ्यपुस्तकांच्या गर्दीत पानं चाळायला मिळत नाहीत. ज्योत्स्ना प्रकाशनाची आणि तूलिकाची मराठी-इंग्रजी पुस्तकं आधी बघा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीवर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत. पहिली-दुसरी पातळी घ्या. परवाना खुला आहे, छापून शाळेत नेता येतात. लेखक-चित्रकारांची नावं तेवढी कापू नका.

आता शाळांशी माझं जुनं भांडण. बाई असं पुस्तक मिळालं की त्याच दिवशी वाचतात आणि मध्येच 'आपल्या अमकीसारखं, हो ना?' म्हणून सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळवतात. मधल्या सुट्टीपर्यंत गोष्टीतल्या मुलीचं नाव तिला चिकटलेलं असतं. 'आम्ही प्रेमानेच म्हणतो', हे उत्तर ठरलेलं. म्हणा प्रेमाने, पण आधी चष्मेवाल्याची गोष्ट, मग अडखळत बोलणाऱ्याची, तिसरी मशीनवालीची, चौथी पुन्हा वेगळीच. आठवड्याला एक. वाचताना खिडकीकडे पाठ नको, चेहरा अंधारात जाऊन ओठ दिसत नाहीत. पुस्तक हनुवटीच्या खाली धरायचं. पान उलटलं की आधी चित्र बघू द्यायचं, मग वाचायचं; तिला दोन्ही एकदम जमत नाही. संपल्यावर तिला काहीही विचारायचं नाही. मुलं मशीनबद्दल विचारतीलच. 'याने तिला आवाज मोठा येतो, ओढायचं नाही, पाणी उडवायचं नाही', बास.

हां, घरीसुद्धा ती मशीन काढून ठेवत असेल तर पुस्तकांच्या आधी ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे जा. या वयात कान वाढतो, मोल्ड बसेनासा होतो, शिट्टी वाजते, कधी कधी टोचतोही. नाहीतर तिला लाज वाटते असं समजून गोष्टी वाचत बसाल.