सागवान पोराच्या काळात मिळेल का?

प्रश्न: इंदूरला राजवाड्याच्या मागे आमचं फर्निचरचं दुकान आहे, लठ्ठे खंडवा-हरद्याकडच्या सरकारी डेपोच्या निलामातून आणतो. पोराला धंद्यात बसवायचंय, पण डेपोत कोणी म्हणतं माल आटणार, कोणी म्हणतं जंगल भरपूर आहे. वीस-तीस वर्षांचा अंदाज लावतात तरी कसा?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: भाऊ, 'जंगल भरपूर आहे' एवढ्यावर जाऊ नका. तीस वर्षांनी तोडायचं झाड आज कुठेतरी उभं असायलाच हवं ना, मग मोजायचं तेच. वनखात्याचा दर डिव्हिजनला वर्किंग प्लॅन, म्हणजे कुठे किती तोडायचं याचा आराखडा असतो, साधारण दहा वर्षांचा, त्यासाठी जंगलात प्लॉट पाडून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे छातीशी, टेप गुंडाळून घेर घेतात आणि ६० ते ९० सेंटीमीटरची किती, ९० ते १२० ची किती असे गट करतात. १८५६ साली ब्रह्मदेशात गेलेल्या ब्रँडिस या जर्मन वनतज्ज्ञानेही सागाची अशीच गणती केली होती.

आता एका गटातून पुढच्या गटात जायला झाड किती वर्षं घेतं ते तुम्ही दुकानातच बघा, सागाची वर्षाला एक अशी वलयं चांगली दिसतात, लठ्ठ्याच्या तोंडावर साल सोडून आत पाच सेंटीमीटर पट्टी ठेवा आणि वलयं मोजा, वीस भरली तर घेर ३० सेंटीमीटर, म्हणजे पाचाच्या साधारण सहापट, वाढायला जवळपास वीस वर्षं गेली. मधे आग, चोरी, वाळणं यात जातील ती वजा.

एक झटपट हिशोबही आहे, उभा माल दुप्पट करायचा आणि तोडीच्या वयाने भागायचा, एक लाख घनमीटर आणि ८० वर्षं असतील तर दरसाल २५०० घनमीटर. पण त्यात सगळ्या वयाची झाडं सारखी आहेत असं धरलेलं असतं. आणि जंगल पुष्कळदा आपल्या इंदूरच्या मराठी घरांसारखं, आजोबा आहेत, नातवंडं आहेत, मधले सगळे पुण्या-बंगलोरला!

शिवाय झाड उभं आहे म्हणजे ते डेपोत येईलच असं नाही. १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर मंजूर प्लॅनशिवाय सरकारी जंगलात तोड नाही, आणि इंदिरा सागर धरणात हरसूद गावाबरोबर जंगलही पाण्याखाली गेलं, असलं काही कुठल्या टेपने मोजता येत नाही.

तेव्हा ज्या डिव्हिजनचा माल घेता तिथला प्लॅन बघायला मागा, एकूण आकडा सोडा, मधल्या दोन गटांत झाडं किती तेवढं बघा. कमी दिसली तर पोराला प्लायचं कामही आत्ताच शिकवा.