तळघरात नको, तळघरावर बसवा त्यांना

"काकू, सासूसासरे यायच्या आत घरातला बिअरचा वास कसा घालवू?" एवढंच विचारलं असतंस तरी चाललं असतं. पण तू चार पानं लिहिलीस ते बरं झालं, कारण खरी गोष्ट तिसऱ्या पानावर सापडली.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. जर्मनीतल्या एर्लांगेनची आपली एक मुलगी, नवरा इंजिनिअर, तो महिन्यातून एक शनिवार केलरमध्ये, म्हणजे तळघरात, उतरतो आणि वीस लिटर बिअर करतो. मे महिन्यात साताऱ्याहून सासूसासरे येतायत, सासरे माळकरी. "तो मोठा उकळायचा डबा, नळ्या, पिंपं कुठे लपवू, मला झोप नाही." शिवाय वरच्या मजल्यावरच्या जर्मन बाईची, फ्राऊची, वासाबद्दल कुरकुर, पंधरा वर्षांचा मुलगा, कायद्याची भीती आणि एकदा बाटल्या फुटल्या ते वेगळंच.

आता तिसरं पान. "स्वतः फारसे पीत नाहीत हो, एखादी उघडतात, फेस बघतात, वहीत लिहून ठेवतात. सत्तरेक बाटल्या तशाच पडून आहेत." अगं, आणि हे लिहून तू सरळ पुढच्या वासाच्या तक्रारीवर गेलीस! सत्तर बाटल्या पडून आहेत म्हणजे त्या प्यायला कोणी येत नाही. एकही माणूस येत नाही का त्याच्याकडे?

मी हे दर दोन-तीन महिन्यांनी लिहिते आणि लोक वैतागतात, तरी परत लिहिते: आपल्या पुरुषांना इथे मित्र नसतात. आपण बायका जमवतो, हळदीकुंकू, भिशी, पोरांच्या शाळेतल्या आया, भांडतो सुद्धा पण माणसं असतात. पुरुषाला ऑफिसात कलीग आणि मंडळाच्या गणपतीत खुर्च्या लावायचं काम, झालं. आमचे हे ८९ साली आले, पहिली अकरा वर्षं शनिवारी केलरमध्ये बसून जुने रेडिओ खोलायचे, जोडायचे, चालू झाला की परत खोलायचे, आणि मी मूर्खासारखी सगळ्यांना सांगायची की यांना काय छान छंद आहे. मग शेजारच्या आजोबांचा रेडिओ बंद पडला, यांनी करून दिला, आजोबांनी त्याबदल्यात गुरुवारी केगेल, म्हणजे इथलं बोलिंग, खेळायला नेलं. आज चोवीस वर्षं झाली, गुरुवारी आमच्या घरी कोणी मेलं तरी ते शुक्रवारी मरावं लागेल. हे अजून तिथे अप्फेलशोर्ले, म्हणजे सोडा घातलेला सफरचंदाचा रसच पितात, आणि का म्हणून कोणी विचारलेलं नाही.

तू राहतेस तो उत्तर बव्हेरियातला फ्रांकनचा मुलूख, तिथली बोलण्याची पद्धत ऐक जरा. ते लोक बिअर प्यायला केलरमध्ये जात नाहीत, 'आउफ डेन केलर' जातात, म्हणजे केलरवर. पूर्वी फ्रीज कुठले, बव्हेरियात १५५३ पासून उन्हाळ्यात बिअर करायलाच बंदी, २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर. मग हिवाळ्यात केलेली बिअर टिकावी म्हणून डोंगरात तळघरं खोदली, वरून ऊन लागू नये म्हणून मोठ्या पानांची चेस्टनटची झाडं लावली आणि लोक त्या सावलीत बाकं टाकून बसायला लागले. तुमच्या गावातला बर्ग, म्हणजे ती टेकडी, जिथे १७५५ पासून जत्रा भरते, तो हाच प्रकार. बिअर खाली, माणसं वर. तुझ्या नवऱ्याने बिअर आणि माणूस दोन्ही खाली नेऊन ठेवलेत.

माझे सासरे ९८ साली आले होते, तेही माळकरी, आणि तेव्हा मीही तुझ्यासारखीच फ्रीजमधल्या दोन बाटल्या कोटाच्या कपाटात लपवल्या होत्या! एका रविवारी फोर्खहाइमच्या केलरवाल्डमध्ये, म्हणजे अशाच केलरांच्या रानात, गेलो. तिथे आपला डबा आपण नेला तरी चालतं, म्हणून मी थालीपिठं नेली. त्याच बाकावर एक म्हातारा मुळा कापून मीठ लावत बसलेला, त्याने मुळा पुढे केला, मामंजींनी थालीपीठ पुढे केलं, दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं तरी तीन तास बसले. त्याच्यापुढे बिअरचा मग, मामंजींपुढे सफरचंदाचा रस. उठताना मला म्हणाले, "सूनबाई, हा तर आपल्या गावचा पार आहे की." घरी येऊन मी बाटल्या कपाटातून काढून परत फ्रीजमध्ये ठेवल्या, ते काही बोलले नाहीत.

तेव्हा लपवायचं काही नाही. सासूबाईंना माल्ट म्हणजे काय ते अर्ध्या मिनिटात कळेल, जव भिजवून मोड आणून वाळवायचे, नाचणीचं सत्त्व करतो तसंच सुरुवातीचं काम. गाळून उरलेला चोथा त्या थालीपिठात घालतील बघ. नवऱ्याला म्हणावं एकदा शेजारच्या ओबरफाल्झ भागात विंडिशएशेनबाख गावाला जाऊन ये, गाडीने दीडेक तास. तिथे गावाचं मिळून एक ब्रूहाउस, म्हणजे बिअर उकळायची जागा, आंबवायला जो तो आपल्या घरी नेतो, आणि ज्याची तयार झाली तो दारावर सहा टोकांची चांदणी टांगतो की गाव त्याच्या घरात. त्सॉइग्ल म्हणतात त्याला. वरच्या फ्राऊला आदल्या दिवशी सांगा उद्या उकळणार आहोत, आणि आठवड्याने दोन बाटल्या घेऊन त्याने स्वतः जिना चढायचा. तू नाही जायचंस, तो जाईल. फ्रांकनच्या माणसाला "हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) कमी पडलेत का?" एवढं विचारलं की तासाची निश्चिंती.

मुलाचं म्हणशील तर इथे सोळाव्या वर्षी बिअर मिळते, आपल्याकडे महाराष्ट्रात एकविसाव्या, त्यामुळे तुझ्या पोटात गोळा येणं साहजिक आहे, पण त्याला बापाबरोबर पिंपं घासायला बसव, बिअर करण्यातलं निम्मं काम घासण्याचंच असतं.

कायद्याचं काही नाही. पूर्वी २०० लिटरची मर्यादा होती आणि कस्टमला कळवावं लागायचं, २०२४ पासून वर्षाला ५०० लिटरपर्यंत कर नाही, कळवायचंही नाही. तुमची होते २४०. फक्त विकायची नाही, मंडळाच्या स्टॉलवर तर नाहीच नाही.

बाटल्या फुटल्या त्या आंबणं संपायच्या आधी भरल्या म्हणून, किंवा साखर जास्त पडली. स्पिंडलचा, म्हणजे बिअरमध्ये किती साखर उरली ते दाखवणाऱ्या तरंगत्या काचेच्या नळीचा, आकडा दोन-तीन दिवस हलला नाही की मगच भरायच्या.

आणि सासूबाईंना म्हणावं येताना किलोभर भाजणी जास्तीची आणा, माझी संपलीय, आणि एर्लांगेन माझ्यापासून काही लांब नाही.