पोरं एकदा येतात, पुन्हा फिरकत नाहीत

प्रश्न : आमच्या हौशी पुरातत्त्व मंडळाचे 34 सभासद आहेत. सर्वांत तरुण सभासद 49 वर्षांचे! शाळा-कॉलेजांत जाऊन आम्ही स्लाइड दाखवतो, मुलं टाळ्या वाजवतात, एखाद-दुसरं पुढच्या बैठकीला येतं आणि मग गायब. मोबाइलपुढे आमचा काय निभाव लागणार?
– एक कार्यवाह

उत्तर : मोबाइलला मध्ये आणू नका हो. बैठकीला आलेल्या त्या मुलाच्या हातात तुम्ही काय दिलंत? मागच्या सभेचं इतिवृत्त, जमाखर्च आणि वर दीड तासाचं व्याख्यान, असंच ना? मी 22 वर्षं मंडळ चालवलं. त्यातली पहिली 10 वर्षं मीही हेच केलं.

आमच्याकडे फरक पडला तो खापऱ्या, म्हणजे जुन्या मातीच्या भांड्यांचे तुकडे, धुण्यामुळे. शेतांतून गोळा केलेल्या पिशव्या वर्षभर तशाच पडून होत्या. एका रविवारी दोन घमेल्यांत पाणी, जुने टूथब्रश आणि चाळण्या मांडल्या. चार मुलं आली. नववीतली एक मुलगी जाडसर तुकडा घासता घासता थबकली. भांड्याचा कान जिथे अंगाला चिकटवला होता, तिथे कुंभाराच्या अंगठ्याचा खळगा होता, आत पुसट रेषासुद्धा. तिनं आपला अंगठा त्यात ठेवून पाहिला. चपखल बसला. ‘म्हणजे तो माझ्याएवढाच होता?’ मी म्हटलं, माती वाळताना आणि भाजताना आकसते, तेव्हा खरा अंगठा थोडा मोठा असणार. पुढच्या रविवारी ती घरून मातीची वडी घेऊन आली. तिच्यावर अंगठा दाबून, वाळवून, आधीचं आणि नंतरचं माप पट्टीनं घेऊन वहीत लिहिलेलं. स्लाइड दाखवून हे झालं नसतं.

दुसरं म्हणजे जबाबदारी, आणि तीही खरी. एकदा मी जेल पेननं चिठ्ठ्या लिहून ओल्या पिशव्यांत टाकल्या. शाई पसरली आणि तीन पिशव्या कुठल्या शेतातल्या तेच कळेना. ठिकाण हरवलेली खापरी म्हणजे नुसतं खापर. ‘काका, पेन्सिलनं लिहा. एक चिठ्ठी आत, एक बाहेर,’ हे मला एका सोळा वर्षांच्या मुलानं सुनावलं. तेव्हापासून नोंदवही मुलांकडेच गेली. आमच्या दोन ज्येष्ठांना ते रुचलं नाही. एक जण तर वर्षभर रुसले होते.

लहानांचे डोळे वेगळीकडे बघतात, हाही फायदाच. 1879 साली स्पेनमधल्या अल्तामिराच्या गुहेत मार्सेलिनो सान्स दे साउतुओला, आपल्यासारखेच हौशी, जमिनीवर दगडी हत्यारं शोधत होते. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीनं, मारियानं, वर पाहिलं आणि छतावर रंगवलेले बैल तिला दिसले! ती चित्रं खरोखरच अश्मयुगातली आहेत हे तज्ज्ञांनी मानायला 1902 उजाडलं. बाप 1888 मध्येच गेला होता.

‘खणायचं कधी?’ हे मुलं विचारणारच. परवानगीशिवाय आणि प्रशिक्षित माणसाशिवाय कधीच नाही, असं पहिल्याच दिवशी सांगा. खणलेला थर पुन्हा रचता येत नाही. पण रांगेत अंतर ठेवून शेत पायाखाली घालणं, जमिनीच्या मालकाला विचारून, यात थरार काही कमी नसतो. ब्रिटनमध्ये 8 ते 16 वयाच्या मुलांसाठी ‘यंग आर्किऑलॉजिस्ट्स क्लब’ 1972 पासून आहे. म्हणजे वयाची अट आडवी येत नाही. मात्र पालकांची लेखी संमती घ्या, दोन मोठी माणसं कायम हजर ठेवा आणि परीक्षेच्या महिन्यात फोन करू नका.

अहवालात मुलांची नावं छापा. ‘आणि विद्यार्थी’ असं नव्हे, पूर्ण नावं.

पुढच्या बैठकीत इतिवृत्त शेवटी वाचा, आधी घमेली मांडा. चिखल होईल. तो पुसायला तुम्ही थांबा, मुलांना जाऊ द्या.